टाचेखाली गोळा होणारा मोजा

हाताने विणलेले घोट्यापर्यंतचे मोजे माझ्या पायात दिसले की प्रश्न ठरलेला असतो: हे चालताना बुटात घसरत नाहीत का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या पहिल्या दोन्ही जोड्या घसरत असत, आणि मी दोष भलत्याच जागी शोधत होते.

मला तो काठात दिसत होता. लांब मोज्याला पोटरीचा आधार मिळतो, आखूड मोज्याला मात्र 'एक सुलट, एक उलट' अशा दहा-बारा फेऱ्यांपलीकडे धरून ठेवणारे काहीच नसते, शिवाय त्यात इलॅस्टिकही नसते, तेव्हा काठ घट्ट हवा असा सरळ हिशेब मी केला. दुसऱ्या जोडीचे टाके इतके आवळून घातले की मोजा टाचेवरून चढेना, कारण टाचेपासून पावलाच्या वरच्या उंचवट्यापर्यंतचा तिरका घेर घोट्यापेक्षा बराच मोठा असतो आणि काठाला आधी तेथून पार व्हावे लागते. कसाबसा चढवला, घोट्यावर वळ उठले, आणि तरीही थोडे चालताच तो टाचेखाली गोळा झालाच.

खरी गोम टाचेच्या पट्टीत, म्हणजे टाचेमागच्या उभ्या भागात होती. ही पट्टी एकूण टाक्यांपैकी निम्म्या टाक्यांवर पुढे-मागे विणतात. माझ्या 64 टाक्यांच्या मोज्यात ती 32 टाक्यांची होती, आणि टाच लवकर वळवण्याची, म्हणजे विणकाम तळव्याकडे वाकवण्याची, घाई असल्याने मी 24 ओळींतच थांबले होते. पट्टी उथळ राहिली की टाचेचा खोलगा टाचेला पुरत नाही, आणि पाऊल पुढे पडताना कमी पडलेले कापड मोजा काठाकडून खाली ओढून घेतो. काठ कितीही आवळा, ही ओढ त्याला भारीच पडते.

आता मी 36 ओळी विणते. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलते, त्यामुळे कडेला 18 ठसठशीत साखळ्या तयार होतात आणि टाच वळवून झाल्यावर दोन्ही बाजूंनी तितकेच टाके उचलता येतात. वळवलेल्या टाचेवर उरलेले 18, उचललेले 36 आणि पावलाच्या वरचे 32 मिळून सुयांवर 86 टाके होतात. मग एकाआड एक फेरीत दोन-दोन टाके कमी करत, अकरा वेळा, पुन्हा 64 वर यायचे. या उतारातून घोट्याखाली जी तिरकी कळी तयार होते, तीच मोज्याला जागेवर ठेवते. ज्यांच्या पावलाचा उंचवटा मोठा आहे, त्यांनी आणखी चार ओळी घालाव्यात.

बाकीचे थोडक्यात. माझ्या चवड्याचा घेर 22 सेंटीमीटर आहे आणि मोजा विणते 20 चा. सैल मोजा पावलावर सरकतो आणि सरकता सरकता टाच पुढे नेतो. लांबीही पावलापेक्षा सेंटीमीटरभर कमीच, पण त्याहून कमी नको, नाहीतर बोटांकडूनच ओढ बसते. लोकर 75 टक्के आणि नायलॉन 25 टक्के असे मिश्रण मला मानवते. निव्वळ सुती धाग्याचा मोजा सकाळी नेमका बसतो आणि संध्याकाळपर्यंत ढिला पडतो, कारण ताणलेला सुती धागा लोकरीसारखा पुन्हा आखडत नाही.

तुमच्याकडे घसरणारी जोडी असेलच, तर ती टाकून देऊ नका. काठाकडून सुरू केलेला मोजा बोटांच्या टोकाकडून उसवत येतो, त्यामुळे टाचेच्या पट्टीच्या शेवटच्या ओळीपर्यंत मागे यायचे, तेथे टाके सुईवर घ्यायचे आणि हव्या तितक्या ओळी वाढवायच्या. काठाला हातही लावावा लागत नाही. उसवलेली लोकर मात्र आधी ओली करून वाळवून घ्या, नाहीतर कुरळ्या धाग्यामुळे टाके खालीवर दिसतात.