सॅव्हिओ आणि सेनिओ

व्हँकुव्हरच्या बरार्ड रस्त्यावरील शस्त्रागाराच्या इमारतीत ‘सीफोर्थ हायलँडर्स ऑफ कॅनडा’ या पलटणीचे ठाणे आहे. १९१० साली शहरातल्या स्कॉटिश मंडळींनी ती उभी केली. हरणाच्या मुंडक्याचा बिल्ला, मॅकेन्झी कुळाच्या चौकड्यांचा किल्ट (स्कॉटिश घागरा) आणि ‘राजाला साह्य करा’ अशा अर्थाचे गेलिक बोधवाक्य, हा सगळा थाट ब्रिटिश सैन्यातील मूळच्या स्कॉटिश सीफोर्थ पलटणीचा आहे. सैनिक मात्र राखीव दलाचे, म्हणजे एरवी आपापली नोकरी किंवा शिक्षण सांभाळून कवायतीला हजर होणारे आहेत.

एखाद्या लढाईतील कामगिरीबद्दल तिचे नाव पलटणीला कायमचे बहाल होते, त्याला युद्धसन्मान म्हणतात. निवडक नावे निशाणाच्या रेशमावर भरली जातात. पहिल्या महायुद्धातील विमी आणि पाशेंडेल ही नावे सीफोर्थांकडे त्या युद्धात त्यांच्याच नावाने लढलेल्या ७२व्या बटालियनच्या वारशाने आली. मला स्वतःला किल्ट आणि बॅगपाइपपेक्षा ‘ऑर्टोना’ हा एकच शब्द अधिक बोलका वाटतो.

डिसेंबर १९४३मध्ये इटलीच्या या किनारी गावात जर्मन छत्रीधारी सैनिकांशी सीफोर्थांची घराघरांतून झुंज चालू होती. रस्त्यावर पाऊल टाकणे म्हणजे मरण, म्हणून सैनिक दोन घरांमधली भिंत सुरुंगाने फोडून पलीकडे शिरत. तशातही नाताळच्या दिवशी सांता मारिया दी कोस्तांतिनोपोली या चर्चमध्ये पांढरे कापड अंथरलेली मेजे मांडली गेली, आणि एकेक कंपनी आळीपाळीने लढाईतून येऊन डुकराचे मांस, पुडिंग आणि बिअर असे जेवण करून पुन्हा लढायला गेली. तेव्हा त्याच आघाडीवर कॅनडियन सैन्याच्या डाव्या हाताला आपली आठवी भारतीय डिव्हिजन लढत होती, आणि तिच्यात मराठे होते.

पुढच्या वर्षी, २१ ऑक्टोबर १९४४च्या रात्री, सीफोर्थांनी सॅव्हिओ नदी ओलांडली. पावसाने पाच तासांत पाणी सहा फूट चढले आणि मागून रणगाडे किंवा तोफा येण्याची आशाच संपली. अर्नेस्ट ‘स्मोकी’ स्मिथ या साध्या शिपायाने पियाट हे खांद्यावरचे रणगाडाविरोधी शस्त्र उघड्यावरून, जेमतेम तीस फुटांवरून चालवून एक रणगाडा बंद पाडला. त्यावरून उतरून धावून आलेल्या दहा जर्मनांपैकी चौघांना त्याने टॉमी गनने टिपले, उरलेल्यांना पिटाळले आणि जखमी साथीदाराला सोडले नाही. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. कॉर्पोरलची पट्टी त्याने नऊ वेळा मिळवून नऊ वेळा गमावली असे सांगतात. अशा माणसाला शिस्तीपेक्षा नदीकाठच अधिक मानवला असावा.

सॅव्हिओच्या पश्चिमेला रोंको, मोंटोने, लामोने अशा नद्या ओलांडत गेले की सेनिओ लागते. १९४५च्या आरंभी कॅनडियन सैन्य नेदरलँड्सकडे वळवले गेले. ९ एप्रिलला सेनिओवर १/५ मराठाच्या, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनच्या, नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगपट्ट्यातून मागे आणले, हाताला गोळी लागलेली असताना तीन मशीनगनची ठाणी मोडली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज सीफोर्थांच्या युद्धसन्मानांत ‘सॅव्हिओ ब्रिजहेड’ आहे आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या यादीत ‘द सेनिओ’.