संरक्षण नेमकं कुणाचं?
व्यापारात संरक्षणवाद म्हणजे बाहेरच्या मालावर आयात शुल्क लावायचं, म्हणजे तो महाग पडतो आणि आपल्या उत्पादकाला भाव मिळतो. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने कच्च्या सोयाबीन तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं ते ह्याचसाठी, कारण सोयाबीन हमीभावाच्या खाली चाललेलं, आणि पुढे मे 2025 मध्ये तेल महागलं म्हणून तेच 10 टक्क्यांवर आणलं.

पण कांद्याचं बघा ना, तिथे सगळं उलटंच! ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क, मग 8 डिसेंबरला थेट बंदी, म्हणजे माल देशातच अडकतो आणि शेतकऱ्याचा भाव पडतो. तेव्हा मी निफाडला मामाकडे होतो. डिसेंबरचा लाल कांदा, त्याला उन्हाळ कांद्यासारखं चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरून ठेवता येत नाही, पाणी जास्त असतं, दोन-तीन आठवड्यांत कोंब फुटतात, म्हणजे भाव पडला तरी विकायलाच लागतो. मामा ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन नुसता दाबून बघत होता, काही बोलतच नव्हता, आणि लासलगावला लिलाव बंद.

बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही 550 डॉलर टनामागे किमान निर्यात दर आणि 40 टक्के शुल्क लावून, आणि शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त मिळावा हे मलाही पटतं, पण त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून का? तेवढी भरपाई सरकारने द्यायला हवी होती.