हनोई, रविवार : गाड्यांविना रस्ता

पोरं झोपली आहेत. धाकटीच्या बोटांना अजून खडू आहे, आंघोळीनंतरही नखांत राहिलाय तो.

आज अख्खा दिवस होआन किएम तळ्यापाशी काढला. शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात, २०१६पासून. इतर वेळी या शहरात रस्ता ओलांडायचा म्हणजे धाकटीला कडेवर घ्यायचं, थोरल्याचं मनगट घट्ट धरायचं आणि स्कूटरींच्या लोंढ्यात एकाच संथ चालीनं पुढे जात राहायचं. मधेच थबकायचं नाही, पळायचं नाही. स्कूटरवाले आपल्याला बरोबर वळसा घालून जातात, पण तोवर जीव मुठीत असतो. आज त्याच डांबरावर मी दोघांचे हात सोडून दिले. थोरला दोन मिनिटं माझ्याकडे नुसता बघत उभा राहिला, खरंच जाऊ का म्हणून. मग जो सुटला!

लाल लाकडी पुलावरून न्गोक सोन मंदिरात गेलो. तिथे काचेच्या पेटीत जतन करून ठेवलेलं महाकाय कासव आहे. या तळ्यातलं शेवटचं तसलं कासव जानेवारी २०१६मध्ये गेलं. ले लोई राजानं मिंग चिन्यांना हरवलं आणि मग तळ्यातल्या कासवानं त्याच्याकडून दैवी तलवार परत मागून घेतली, ही गोष्ट आईंनी नातवंडांना तिथेच सांगितली. "दिली कशाला परत?" थोरल्याचा प्रश्न. आई म्हणाल्या, "लढाई संपली ना रे, मग कशाला लागते तलवार?" त्याला ते पटलं नाही, पण वाटभर तोच विषय.

बाहेर रस्त्यावर खडूनं खेळाचा पट आखलेला होता. दोन ओळींत मिळून दहा चौकोन, दोन्ही टोकांना अर्धगोल. चौकोनात पाच-पाच खडे, अर्धगोलात एकेक मोठा. पलीकडे साधारण थोरल्याच्या वयाची मुलगी बसली होती, तिनं आमच्या धाकटीला खुणेनं बोलावलं. आपल्या बाजूच्या एका घरातले सगळे खडे उचलायचे आणि पुढच्या घरांत एकेक टाकत जायचं. हातातले संपले की पुढच्या घरातले घेऊन पुन्हा चालू. पुढचं घर रिकामं लागलं तर त्याच्या पलीकडच्या घरातले खडे आपले. त्या मुलीनं भाषेविना हे सगळं शिकवलं. धाकटी चुकली की तिचं बोट धरून योग्य घरावर नेऊन ठेवायची, कितीही वेळा. शेवटी आईच मांडी घालून बसल्या, भर रस्त्यात, गुडघे दुखत असूनही.

दुपारी च्यांग तिएन रस्त्यावर आइस्क्रीम. हे दुकान १९५८पासूनचं. कोवळ्या हिरव्या तांदळाचं घेतलं, हुरड्यासारखी गोडसर चव. संध्याकाळी पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ. कलाकार पडद्याआड कमरेइतक्या पाण्यात उभे राहून बाहुल्या नाचवतात. शेवटी ते ओलेचिंब बाहेर आले तेव्हा दोघंही खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मला मात्र दिवसभर पुण्यातला लक्ष्मी रस्ता आठवत होता. ११ डिसेंबरला, पादचारी दिनाला तो गाड्यांसाठी बंद ठेवतात, तेव्हा आम्ही मुलांना घेऊन आवर्जून जातो. रस्त्यावर रांगोळ्या, खेळ, गर्दी, सगळं छान असतं. पण वर्षातून एकदाच. मुलांना त्या रस्त्याची सवय व्हायच्या आत तो गाड्यांना परत जातो. इथल्या पोरांना शनिवार-रविवार कुठे खेळायचं ते ठाऊक आहे, ती स्वतःचे खडे घेऊन येतात. आपल्याकडे महिन्यातून एक रविवार तरी असं व्हायला हवं. दुकानदारांचा विरोध होईल हे कळतं मला. पण आज त्या तळ्याकाठच्या दुकानांत बसायला जागा नव्हती, हेही डोळ्यांनी पाहिलं.

परत गेल्यावर नगरसेवकांना पत्र लिहायचं, फोटोंसकट. नवरा म्हणाला, सोसायटीतल्या लोकांच्या सह्याही घेऊ.