दात कशाने घासता?

मावशींना ऑपरेशन जूनमध्येच हवं होतं. त्या चेंदणी कोळीवाड्यातल्या, ठाण्यातच तीस-पस्तीस वर्षं मासे विकणाऱ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, टोपलीत सुकी मासळीच. तेवढ्यात कंबर दुरुस्त करून घ्यायची, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर निदान पाटावर बसून पैसे तरी घेता येतील, असा त्यांचा हिशोब. उचलाउचल सून करणार होती.

कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता. पाच मिनिटं चाललं की पोटऱ्या भरून यायच्या, वाकून बसलं की बरं वाटायचं. व्यायाम, गोळ्या, पाठीतलं इंजेक्शन, सगळं करून झालं होतं. शेवटी फ्यूजन, म्हणजे दोन मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन, ठरलं. मी त्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. आदल्या दिवशी पेशंटला कुशीवर कसं वळायचं, कॉटवरून कसं उतरायचं हे शिकवून ठेवायचं माझ्याकडे असे. ऑपरेशननंतरच्या दुखण्यात नवं काही डोक्यात शिरत नाही, म्हणून आधी.

मावशी चटकन शिकल्या. खांदा आणि कंबर एकदम, ओंडक्यासारखं वळायचं, मग पाय खाली सोडत हाताच्या रेट्याने उठायचं. तिसऱ्या खेपेला अगदी बरोबर जमलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "उद्या उपाशी ठेवणार ते कळलं. पण सकाळी मशेरी तरी लावू देतील ना? त्याबिगर पोट साफ होत नाही माझं."

मी फाइल उघडली. धूम्रपान: नाही. तंबाखू: नाही. मद्यपान: नाही.

"मावशी, तंबाखू नाही असं सांगितलंत?"

"तंबाखू कवा खाल्ली मी? ही दात घासायची."

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. माझी आजी साताऱ्याकडची, ती मशेरीला मिश्री म्हणायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका. तिलाही कुणी विचारलं असतं तर तिनेही नाहीच सांगितलं असतं. मावशी दिवसातून चार वेळा लावत होत्या, अर्धा-अर्धा तास तोंडात.

फ्यूजनमध्ये स्क्रू, रॉड आणि मणक्यांमध्ये बसवलेला पोकळ ठोकळा, म्हणजे केज, हा तात्पुरता आधार असतो. खरं काम हाडाचं. दोन मणक्यांमध्ये भरलेल्या हाडाच्या चुऱ्यातून नवं हाड वाढून ते एकसंध व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. नव्या हाडाला रक्त हवं, आणि निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, हाड घडवणाऱ्या पेशींनाही मंदावतं. धुरातून आलं काय नि हिरड्यांतून आलं काय, रक्तात पोचतं ते निकोटीनच. हाड जुळलंच नाही तर सगळा भार धातूवर येतो, आणि रोज वाकणाऱ्या कमरेत धातू कधीतरी हार मानतो.

हे मी पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी एक रिक्षावाले दादा होते, ओठाखाली तंबाखू धरणारे. आम्ही त्यांना सिगारेटचं विचारलं, ते नाही म्हणाले, विषय संपला. वर्षाने स्क्रू ढिला झाला आणि त्यांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. त्यांनाही कुशीवर वळायला मीच शिकवलं होतं. रोज त्यांच्या तोंडाला वास यायचा आणि मी एका शब्दाने विचारलं नाही. ते मला अजून लागतं.

मी सरांना, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना, फोन केला. ते ओपीडी संपवून वर आले आणि मावशींच्या मुलाला सरळ म्हणाले, सहा आठवडे थांबू. पाऊल लुळं पडलेलं असतं किंवा लघवीवरचा ताबा गेला असता तर एक दिवसही थांबता आलं नसतं, पण इथे तसं नव्हतं.

मुलगा भडकला. त्याने रजा टाकली होती, मेडिक्लेमची मंजुरी आली होती. "एका डबीपायी आईचा सीझन घालवणार तुम्ही?" त्याचं चुकलं नव्हतं. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला असता तर मे महिन्यातच मशेरी सुटली असती आणि जून हातचा गेला नसता. मी तेच त्याला सांगितलं आणि माफी मागितली. मावशी काही बोलल्या नाहीत. पिशवीतून डबी काढून सुनेच्या हातात दिली, एवढंच.

पहिला आठवडा फार वाईट गेला. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची आणि पोटाची तक्रार तर होतीच. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, दाताला मीठ, तोंडात बडीशेप. दोनदा त्यांनी शेजारणीकडून चिमूटभर घेतली आणि दोन्ही वेळा स्वतःच सांगितलं. त्याच दिवसांत साखरही आटोक्यात आणली, ड जीवनसत्त्व कमी होतं ते भरून काढलं. ऑपरेशनआधी लघवीतली कोटिनीनची तपासणी केली, शरीरात निकोटीन आहे का ते त्यात कळतं. निगेटिव्ह आली.

ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. नारळी पौर्णिमेला मावशी वॉर्डात वॉकर धरून चालत होत्या आणि बाजारात सून एकटी बसली होती.

आमच्या फॉर्मवर आता 'तंबाखू: हो/नाही' नाही. दात कशाने घासता, तोंडात काय धरता, पानात काय घालता, असं एकेक विचारतो, आणि तेही ऑपरेशन ठरतं त्याच दिवशी. बायकांना विचारताना सासू, नवरा बाहेर थांबतात.

सहा महिन्यांनी सीटी काढला. केजच्या आतून वरच्या मणक्यापासून खालच्यापर्यंत हाडाचा पांढरा पूल दिसत होता. सरांनी स्क्रीन मावशींकडे वळवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जुळलं ना? मग आता लावू का?"

मी म्हटलं, "नाही मावशी. अजून पक्कं व्हायचंय."

"बरं," म्हणाल्या, आणि तलावपाळीला आता किती फेऱ्या मारू ते विचारायला लागल्या.