मेल कोणत्या पत्त्यावरून पाठवायचा?

आमच्या अनुवादकांच्या गटाचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला, तेव्हा एक गोष्ट मी आधीच ठरवली. मेल ज्या पत्त्यावरून जातो, त्याच पत्त्यावर उत्तर येतं. गटाला आलेली उत्तरं माझ्या खासगी इनबॉक्समध्ये अडकून पडता कामा नयेत. उद्या हे काम दुसऱ्या कुणाकडे गेलं, तर सगळा धागा त्याला तिथेच सापडला पाहिजे.

गटाचा पत्ता गटाच्याच डोमेनवर (पत्त्यात @ नंतर येणारं नाव) आहे आणि माझं रोजचं काम जीमेलवर चालतं. नोकरीचं खातं मात्र मी मुद्दाम यात आणलं नाही. नोकरीतला पत्रव्यवहार नोकरीच्याच खात्यात राहावा.

आलेला मेल जीमेलकडे वळवणं सोपं होतं: गटाच्या मेलबॉक्समध्ये फॉरवर्डिंग लावलं आणि तिथे प्रत राहू दिली. खरं काम जीमेलमधूनच गटाच्या पत्त्यावरून मेल पाठवण्याचं. ही सोय फोनवरच्या अॅपमधून लावता येत नाही, संगणकावर ब्राउझरमध्येच जीमेल उघडावं लागतं. सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’मध्ये ‘सेंड मेल अॅज’ असा भाग आहे. तिथे नवा पत्ता जोडताना नाव आणि पत्ता लिहायचा, मग त्या डोमेनच्या एसएमटीपी सर्व्हरचं (म्हणजे मेल बाहेर पाठवणाऱ्या सर्व्हरचं) नाव, युजरनेम आणि पासवर्ड द्यायचा. पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक, बहुधा 587 किंवा 465 असतो, नेमका कोणता ते मेलसेवा देणाऱ्याकडून कळतं. शेवटी त्या पत्त्यावर एक कोड येतो. तो भरला की पत्ता तुमच्या ताब्यात आहे हे सिद्ध होतं.

एसएमटीपीचा खटाटोप कशाला, असं मलाही वाटलं होतं. मेलवर दिसणारं ‘फ्रॉम’ आणि सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पाठवणाऱ्याचा पत्ता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पाकिटावर एक नाव आणि आतल्या कागदावर दुसरं, तसं. त्यामुळे मेल स्वीकारणारा सर्व्हर पडताळणी करतो. या डोमेनच्या वतीने कोणत्या सर्व्हरला पाठवायची परवानगी आहे ते एसपीएफ सांगतं, डीकेआयएम ही डिजिटल सही असते, आणि दिसणाऱ्या ‘फ्रॉम’शी यातलं काही जुळतं का हे डीमार्क बघतं. न जुळणारा मेल स्पॅममध्ये जाण्याची भीती असते, म्हणून तो डोमेनच्याच एसएमटीपी सर्व्हरवरून पाठवायचा. सगळं लावून झाल्यावर मी एका मैत्रिणीला मेल पाठवला आणि तिच्या जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून तिन्हींपुढे ‘पास’ आहे ना, हे पाहून घेतलं. ही तपासणी कुणीही टाळू नये.

मग खरा निर्णय, डीफॉल्ट पत्ता, म्हणजे नव्या मेलला आपोआप लागणारा, कोणता? मी खासगी ठेवला. गटाचा मेल चुकून माझ्या नावाने गेला तर थोडा गोंधळ होईल, पण माझं खासगी मत गटाच्या पत्त्यावरून गेलं तर ते सगळ्या गटाचं म्हणणं ठरेल. ही दुसरी चूक फार महागात पडते. त्याच भागात ‘ज्या पत्त्यावर मेल आला, त्यावरूनच उत्तर द्या’ असा पर्याय आहे. तो निवडला आणि रोजची निम्मी काळजी मिटली. प्रत्येक पत्त्याला वेगळी सिग्नेचरही लावून ठेवली. तरीही ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये गटाचा पत्ता दिसत नसेल, तर पाठवण्याआधी मी ‘फ्रॉम’ची ओळ स्वतः पाहते.

आयफोनच्या मेल अॅपमध्ये डीफॉल्ट खातं वेगळं ठरवावं लागतं. दुसऱ्या अॅपमधून फोटो किंवा दुवा शेअर केला की तो त्या खात्यातून जातो. मेल लिहिताना ‘सीसी, बीसीसी’च्या ओळीवर टिचकी मारली की ‘फ्रॉम’ उघडतं आणि तिथे पत्ता बदलता येतो.

एक बाब मात्र या व्यवस्थेने आपोआप सुटत नाही. जीमेलमधून पाठवलेल्या मेलची प्रत माझ्या ‘सेंट’मध्ये राहते, गटाच्या मेलबॉक्समध्ये जाईलच असं नाही. म्हणून गटाच्या प्रत्येक मेलला मी गटाचाच पत्ता बीसीसीमध्ये घालते. काम सोपवायची वेळ येईल तेव्हा आधी गटाच्या खात्याचा पासवर्ड बदलायचा, म्हणजे माझ्याकडून त्या पत्त्यावरून पाठवणं बंद होईल. मग माझ्या ‘सेंड मेल अॅज’मधून तो पत्ता काढायचा आणि फॉरवर्डिंग बंद करायचं.