मिनीडीव्ही कॅसेट्स: फायरवायर जमलं, आता काम ५० फ्रेम्सचं

मंडळी, सांगलीच्या घरातल्या मिनीडीव्ही कॅसेट्सचं (जुन्या हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल टेप्स) कॅप्चर, म्हणजे टेपवरून कॉम्प्युटरवर उतरवणं, मार्गी लागलं. कृष्णेवरच्या होड्यांच्या शर्यती, घरातली लग्नं, गणपती, असं मामांनी बरंच शूटिंग करून ठेवलं होतं. ते सगळं हार्ड डिस्कवर आलंय आणि सध्या त्याच्या वेबसाठी फायली बनवणं चाललंय.

आधी केबलचं. कॅमेऱ्यातून चित्र बाहेर काढायच्या वाटा दोन: पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची एव्ही केबल, आणि चार पिनांचं ते चिमुकलं सॉकेट. सोनीच्या कॅमेऱ्यावर तिथे ‘आय-लिंक’ लिहिलेलं असतं. ते फायरवायरच, म्हणजे आयईईई १३९४. दुकानात विचारलं की पिवळ्या पिनेचा यूएसबी कॅप्चर डबा हातात ठेवतात. व्हीएचएससाठी (जुन्या मोठ्या व्हिडिओ कॅसेट्स) तो चालेल, मिनीडीव्हीसाठी घेऊ नका. या टेपवर चित्र मुळातच डिजिटल आहे. पिवळ्या पिनेतून जाताना ते ॲनालॉग होतं, डब्यात शिरून पुन्हा डिजिटल होतं, आणि या येरझाऱ्यात तपशील जातो तो जातोच. फायरवायरने टेपवरचा डेटा आहे तसा फाइलमध्ये उतरतो.

एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्याला यूएसबी अशी स्वस्त केबल ऑनलाइन मिळते, तिच्या नादी लागू नका. दोन्हींची भाषाच वेगळी. पिना जुळवून व्हिडिओ येत नाही. मी डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड टाकलं, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं, आणि लिनक्सवर डीव्हीग्रॅब हा कॅप्चरचा प्रोग्राम चालवला. मॅकवाल्यांनी जुनं मशीन सांभाळून ठेवावं, कारण मॅकओएस २६पासून ॲपलने फायरवायर काढून टाकलंय. केबल लावताना-काढताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. कॅमेऱ्याचा पोर्ट उडाला तर दुरुस्त करणारा शोधूनही सापडत नाही.

एका तासाच्या टेपची फाइल साधारण १३ जीबी होते. टेप चालते तेवढाच वेळ कॅप्चरला लागतो, घाई करायची सोयच नाही. पण यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वेगळीच आहे: डीव्हीमध्ये (या टेपवरचा डिजिटल फॉरमॅट) चित्रासोबत शूटिंगची तारीख-वेळही नोंदलेली असते आणि डीव्हीग्रॅब ती फाइलच्या नावात घालतं. बऱ्याच कॅसेट्सवरची लेबलं गळून गेलेली. तरी कोणती शर्यत कोणत्या वर्षीची, हे फाइलींच्या नावांवरूनच लागलं. मामांनी कॅमेऱ्याचं घड्याळ नीट लावलं होतं, त्याचं हे फळ.

आता मुख्य मुद्दा. आपला पाल (भारतातली जुनी टीव्ही पद्धत) व्हिडिओ इंटरलेस्ड आहे. सेकंदाला २५ फ्रेम्स म्हणतो खरं, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड्स असतात, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, वेगवेगळ्या क्षणी टिपलेली. म्हणजे हालचाल टिपली गेलीय ती सेकंदाला ५० वेळा. आयर्विन पुलाच्या बाजूला होड्या भिडल्यात, तिथे फाइल थांबवून पाहिली. माणसं, पूल, काठ सगळं स्वच्छ. वल्ह्यांच्या कडा मात्र फणीसारख्या दातेरी. एका ओळीत वल्हं पाण्याबाहेर, लगेच खालच्या ओळीत पाण्याला टेकलेलं. याच टेपची पूर्वी बाहेरून डीव्हीडी करून घेतली होती. तिच्यात दोन्ही फील्ड्स मिसळून टाकलीत, त्यामुळे वल्ह्यांच्या जागी नुसता धूसर पट्टा दिसतो.

एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या मोफत प्रोग्राममधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर प्रत्येक फील्डची एक फ्रेम करतो, अशा पूर्ण ५० फ्रेम्स मिळतात. एक पथ्य आहे: डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं. फिल्टरला उलटं सांगितलं तर वल्हं पुढे-मागे, पुढे-मागे थरथरतं. नीट सांगितलं की पाणी कापत जाणारा प्रत्येक फटका वेगळा दिसतो. वल्हेकऱ्यांचा ठेकासुद्धा मोजता येतो. हे पाहिल्यावर २५ फ्रेम्सवर समाधान मानणं मला तरी जमणार नाही.

वेबची फाइल: चित्र एच.२६४, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १८, आवाज एएसी, कंटेनर एमपी४. फास्टस्टार्ट चालू ठेवा, म्हणजे फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि पूर्ण डाउनलोड व्हायची वाट न पाहता व्हिडिओ सुरू होतो. ७२० बाय ५७६चे पिक्सेल चौकोनी नसतात, म्हणून ४:३ चित्र ७६८ बाय ५७६ करावं, नाहीतर माणसं किंचित बारीक दिसतात. यूट्यूबसाठी मी त्याचं १४४० बाय १०८० करतो. चित्र त्याने अधिक स्पष्ट होत नाही; पण यूट्यूब ५० फ्रेम्स ७२०पी आणि त्यावरच देतं, खाली निम्म्या गळतात. मोठं करताना रंगही बीटी.६०१ या जुन्या टीव्हीच्या रंगमानकावरून बीटी.७०९ या एचडीच्या मानकात बदलून घ्या. एरवी गुलालाची छटा हलते, आणि मिरवणुकीच्या शूटिंगमध्ये ते लगेच डोळ्यात खुपतं. व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हिडिओ पुन्हा दाबला जातो.

काटछाट मूळ डीव्ही फाइलवरच करतो. तिथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबलेली असते, त्यामुळे कुठेही कापा, पुन्हा एन्कोड करावं लागत नाही. मूळ फायलींच्या दोन प्रती ठेवल्यात, त्यातली एक साताऱ्याला बहिणीकडे. आमच्याकडे कृष्णा कधी घरात येईल सांगता येत नाही. २०१९चा पूर कुणी विसरलेलं नाही.

पुढचा टप्पा हाय८ कॅसेट्सचा (मिनीडीव्हीच्या आधीच्या, ॲनालॉग). काहींच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय. त्या साफ झाल्याशिवाय कॅमेऱ्यात घालायच्या नाहीत. एक बुरशीची टेप कॅमेऱ्याचं टेप वाचणारं हेड खराब करते आणि तिथून बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. या कॅसेट्ससाठी हाय८ वाचून थेट फायरवायरने डीव्ही देणारा डिजिटल८ कॅमेरा शोधतोय. सांगली, मिरज, कोल्हापूर भागात कुणाकडे चालू स्थितीत असेल तर जरूर कळवा, येऊन बघून घेईन.