भागिले २६

पहिली पाळी सुटल्यावर वेर्ण्याहून थेट फोंड्याला, युनियनच्या अभ्यासवर्गाला. डोळे मिटत होते. ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी संपताना कंपनीकडून मिळणाऱ्या रकमेचं, पान आलं आणि झोप उडाली. महिन्याचा पगार भागिले ३० नाही, २६! १९७२चा कायदा आता २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण गणित तेच.

गेल्या वर्षी निवृत्त झालेले आमचे मामा (अख्खी कंपनी त्यांना मामाच म्हणायची) आठवले. मूळ पगार नि महागाई भत्ता मिळून २०,८००. म्हणजे दिवसाचे ८००, वर्षाला १५ दिवसांचे १२,०००. नोकरी १० वर्षं ८ महिने. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष, म्हणून ११. त्यांना ३०ने भागून दिले होते. वहीच्या मागच्या पानावर तीनदा हिशोब केला. १७,६०० कमी!

बसमधूनच फोन लावला. मामा म्हणाले, "स्लिपा ट्रंकेत आसात, उद्यां यो."